पाहुण्याचा डोस

लहान मुलाचं तोंड कसं उघडावं यावर कुणी परीक्षा घेतली असती, तर मावळ तालुक्यात माझा पहिला नंबर आला असता. मी नर्स होते. सुदुंबऱ्यापासून कुरवंड्यापर्यंत माझ्या बदल्या झाल्या आणि जिथे गेले तिथे वर्षातून दोनदा घरोघर फिरून पोरांना अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला. पोर आईच्या मांडीवर आडवं घ्यायचं, डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं दोन्ही गाल हलकेच दाबायचे, ओठांचा चंबू झाला की चमचा आत. औषध गोडसर असतं, तरी पोरं अशी किंचाळायची की जणू मी एरंडेलच पाजतेय. पोरांपेक्षा आयाच जास्त घाबरायच्या. एखादीचा हात मध्येच माझ्या मनगटावर यायचा. "बाई, ऱ्हाऊ द्या की, लय रडतंय." मी तो हात बाजूला करायचे आणि म्हणायचे, "उद्या डोळे गेले म्हणजे कुणाच्या नावानं रडशील?" मग तीच पोराचं डोकं धरायची. मला ते वाक्य फार आवडायचं. ते खोटंही नव्हतं.

डोस वयावर ठरलेला होता. वर्षाच्या आत अर्धा चमचा, वर्षाच्या वर पूर्ण. वजन बघायचं कारण नसायचं. आणि पोराच्या डोळ्यांवरच आलेलं असेल तर आज एक, उद्या एक आणि दोन आठवड्यांनी तिसरा. झोपेतून उठवून विचारलं तरी मी हे सांगेन. इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते माझ्या या शिकलेपणातून झालं.

निवृत्तीनंतर आम्ही लोणावळ्यातच राहिलो. आमचे हे कुरवंड्याच्या शाळेत मास्तर होते. माणूस भयंकर बोलका. नागफणीचा रस्ता विचारायला एखादा पर्यटक दाराशी थांबला तर त्याला डोंगराची सगळी कुंडली सांगून, वर चहा पाजून मग सोडायचे. मी आतून ओरडायचे, "अहो, जाऊ द्या त्याला, अंधार होईल!" दोन वर्षांपूर्वी यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. डोळ्यांवरून कळतं की सगळं समजतं, आणि तेच जास्त वाईट. सुरुवातीला व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिच्या धाकानं डावा हात तरी चालायचा. नंतर त्यांनी तेही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी बोलले तर डोळे मिटून घ्यायचे. बत्तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस असा भिंतीला शिकवत पडलेला बघून मला राग यायचा. रागच यायचा. दया नंतर आली.

त्याच सुमाराला लेकीला परदेशात नोकरी लागली आणि ती आपला सरडा आमच्याकडे ठेवून गेली.

सरडा म्हणजे आपल्या रानातला रंग बदलणारा घोयरा नव्हे, तो पाळायला कायद्यानं बंदी आहे. हा परदेशी जातीचा, रीतसर नोंदणी केलेला. हिरवा, अंगावर पिवळे पट्टे, डोक्यावर कुणीतरी घाईत शिवलेल्या टोपीसारखा उंच तुरा. उभा जाळीचा पिंजरा, आत कुंडीतलं जास्वंदीचं झाड, वर दोन दिवे. लेकीनं त्याला काहीतरी विलायती नाव ठेवलं होतं. ते माझ्या जिभेवर बसेना. मी त्याला पाहुणा म्हणू लागले. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, तुझ्याची थेट माझ्या दिवाणखान्यापर्यंत आली," असं मी लेकीला ऐकवलंही. पिंजरा ठेवायला जागा एकच होती, यांच्या पलंगासमोर. नाइलाज म्हणून तिथे ठेवला.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर हे भिंतीकडून वळून पिंजऱ्याकडे बघत होते. पाहुण्याचा एक डोळा यांच्याकडे आणि एक खिडकीकडे. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, शाळेत मागच्या बाकावरच्या पोरांवर नजर ठेवून फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांसारखे. हे हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

तेव्हापासून सकाळचा क्रम ठरला. यांना उठवून बसवायला कुरवंड्याहून एक मावशी येतात. त्या उशांचा टेकू देऊन यांना बसवायच्या, डाव्या हातात लांब चिमटा द्यायच्या, चिमट्यात एक रातकिडा. हे हात उचलायचे. आधी तो हात थरथरायचा, महिन्याभरात स्थिर झाला. पाहुणा एकेक पाय विचार करून पुढे टाकत यायचा, दोन्ही डोळे एकदम किड्यावर रोखायचा, आणि सट्कन हातभर जीभ. यांच्या घशातून आवाज निघायचा. शब्द नसायचा, पण आवाज असायचा. व्यायामवाल्या मुलीला जे जमलं नाही ते एका सरड्यानं केलं. पाहुणा आहे तोवर हा माणूस रोज उठून बसणार आहे, हे मला कळून चुकलं होतं. त्यापुढचं वाक्यही मला कळत होतं, पण ते मी मनात पूर्ण होऊ देत नसे.

जाताना लेकीनं पिंजऱ्याला एक कागद चिकटवला होता. दोन डबे होते. पांढरी पावडर कॅल्शियमची, ती रोजच्या किड्यांना लावायची. पिवळी जीवनसत्त्वांची, तिच्यात अ जीवनसत्त्व, ती महिन्यातून दोनदा, किड्यांवर चिमूटभर. खाली तिनं लिहिलं होतं, 'चुकवू नकोस आणि वाढवूही नकोस.' लेकीनं आईला डोस शिकवायचा! मी तो कागद वाचून नाक मुरडलं.

श्रावणात पिवळा डबा संपला. लेक म्हणाली, "आई, मी इथून मागवते, घरपोच येईल." मी नको म्हटलं. मी आयुष्यभर आयांना हेच सांगत आले होते, की डब्यातल्या पावडरींवर भुलू नका, पोराला पालेभाजी द्या, गाजर द्या, पपई द्या. आता स्वतःच्या घरात पावडर आणू? मी रातकिड्यांच्या डब्यात किसलेलं गाजर आणि शेवग्याचा पाला टाकायला लागले. गाजर किड्यात, किडा पाहुण्यात, हिशोब सरळ होता. मावशी गवतातून नाकतोडे धरून आणायच्या, त्यांनाही मी दोन दिवस गाजर खाऊ घालायचे. "बाई, गुरुजींपरीस किड्यांचीच बडदास्त लय," असं म्हणून त्या हसायच्या. पाच महिने सगळं ठीक होतं. निदान मला ठीक दिसत होतं.

जानेवारीतल्या एका सकाळी मावशींनी हाक मारली. "बाई, हिकडं या. पाव्हण्याचा डोळा बगा की. उघडतच न्हाई."

डावा डोळा मिटलेला, पापणीखाली फुगवटा. दोन दिवसांनी उजवाही अर्धा मिटला. यांनी चिमटा धरला, पाहुण्यानं जीभ टाकली, पण ती किड्याच्या अलीकडेच पडली. पुन्हा टाकली, किड्याला लागली आणि चिकटलीच नाही. यांचा हात तसाच उचललेला. मी म्हटलं, "ठेवा खाली, दुखेल." ते ठेवेनात. शेवटी मावशींनी चिमटा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी यांनी उठून बसायला नकार दिला.

आमच्या जवळ जनावरांचे डॉक्टर आहेत. कुत्री, म्हशी बघतात. मी पाहुण्याला टोपलीत घालून त्यांच्याकडे नेलं. भला माणूस. त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, या प्राण्यातलं मला काही कळत नाही. पुण्यात असे प्राणी बघणाऱ्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे न्या. आणि अंदाजानं काही देऊ नका." मी मान डोलावली. पण पुण्याला जायचं तर दिवस जाणार, यांच्याजवळ कोण बसणार? मावशींची सून बाळंत झालेली, त्यांना दुपारी घरी जावं लागे. हे कारण खरंच होतं. पण त्याच्या तळाशी दुसरंही होतं. मिटलेले, सुजलेले डोळे आणि अ जीवनसत्त्व यांचं नातं मला कुणी पुण्याहून समजावून सांगायची गरज नाही, असं मला वाटत होतं. तीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

मेडिकलमधून मी माणसांच्या अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणल्या. आणि मी निष्काळजीपणा केला नाही, हेही सांगते. एवढ्याशा जिवाला कॅप्सूल कोण देईल? मी टाचणी उकळून घेतली, कॅप्सूलला भोक पाडलं आणि फक्त एक थेंब काढला. एक थेंब! डोस कमी पडेल की काय अशीच मला धाकधूक होती. गाल दाबायची युक्ती इथेही चालली. जबड्याच्या कडेला बोट लावलं की त्यानं रागानं तोंड उघडलं आणि थेंब आत गेला. मावशी कौतुकानं म्हणाल्या, "माझ्या तिन्ही पोरास्नी तुमीच पाजलं व्हतं बाई. अस्संच."

आज एक, उद्या एक. दुसऱ्या दिवशी दुसरा थेंब दिला.

चौथ्या दिवशी डावा डोळा फटीएवढा उघडला. सहाव्या दिवशी पूर्ण. मी यांना ओढून, रेटून बसवलं. पाहुण्यानं जीभ टाकली आणि किडा उचलला, आणि यांच्या तोंडून तो आवाज निघाला. त्या दिवशी मी शिरा केला. लेकीला व्हिडिओवर पाहुण्याचे डोळे दाखवले. ती म्हणाली, "काय दिलंस?" मी म्हटलं, "तुझी आई उगाच पेन्शन खात नाही." काय दिलं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी तिनं मला थांबवलं असतं. तेव्हापासून मी शिरा केलेला नाही.

पुढच्या आठवड्यात हे सारखे डावा हात आपल्या गळ्याशी न्यायचे. मी पाणी दिलं. पाणी नको. मफलर गुंडाळला. मफलर ओढून काढला. मी वैतागले, "मग पाहिजे तरी काय?" ते पिंजऱ्याकडे बघायचे आणि पुन्हा गळ्याला हात. मावशी म्हणाल्या, "गुरुजी कवाधरनं कायतरी सांगत्यात." मी म्हटलं, "त्यांना कंटाळा आलाय." मला चष्मा लावून पिंजऱ्याजवळ जायला किती वेळ लागला असता? पण पाहुणा बरा झाला होता. बरं झालेल्या रोग्याकडे नर्स दुसऱ्यांदा बघत नाही, आणि मला तिसऱ्या डोसाची तारीख पाठ होती.

त्या दिवशी पाहुणा फांदीवर न बसता खाली कुंडीच्या काठावर होता. मी त्याला उचलून यांच्या पलंगाच्या कडेशी बसले, उजेड तिथे चांगला येतो म्हणून. थेंब काढला, जबड्याला बोट लावलं, आणि यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला.

घट्ट धरलं त्यांनी. त्या हातात एवढा जोर आलाय हे मला माहीत नव्हतं. तो जोर पाहुण्यानंच आणला होता. घशातून ते आवाज काढत होते, मान हलवत होते. माझ्या मनगटावर असे किती हात आले होते! ते कसे सोडवायचे हे माझ्या हाताला माझ्याआधी ठाऊक. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हटलं, "अहो, डोळे जातील त्याचे." आणि थेंब दिला.

मग पाहुण्याला पिंजऱ्यात ठेवताना मला बोटाखाली त्याचा गळा लागला. मऊ. पाणी भरलेल्या फुग्यासारखा. चष्मा लावून पाहिलं तर गळा आणि मान दोन्हीकडून सुजलेली, आणि पोटाच्या कडेची कातडी सोललेली, कात टाकताना सुटते तशी नव्हे, भाजल्यावर निघते तशी. मी यांच्याकडे वळले. ते आपल्या गळ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

शेजाऱ्यांच्या गाडीतून मी त्याच दुपारी पुण्याला गेले. वरातीमागून घोडं. उर्से टोल नाक्याशी गाडी थांबली तेव्हा मी टोपलीवरचं फडकं उचलून पाहिलं. तो काळपट पडला होता आणि दोन्ही डोळे उघडे होते. डोळे मात्र मी उत्तम बरे केले होते.

डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. तिनं आधी त्याला वजनकाट्यावर ठेवलं. पहिलीच गोष्ट तिनं ती केली, आणि मी तीच केली नव्हती. मग तिनं विचारलं, काय दिलं, किती दिलं. मी सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काकू, माणसाच्या कॅप्सूलमधला एक थेंब म्हणजे याच्या वजनाला लागतं त्याच्या कितीतरी पट. आणि तुम्ही तीन दिले."

मी गाजराचंही विचारलं. ती म्हणाली, यांच्या अंगात गाजराचं अ जीवनसत्त्व पुरेसं तयार होतंच अशी खात्री देता येत नाही, म्हणून तयार अ जीवनसत्त्व असलेली पावडर अगदी थोडी, बेतानं, किड्यांवरून द्यायची. किड्यांना गाजर-पाला द्यावाच, पण त्याच्या भरवशावर राहू नये. डोळा मिटला तर आधी तपासून घ्यायचं, कारण डोळा मिटायची कारणं पुष्कळ असतात. आणि जास्तीचं द्यायचंच झालं तर ते वजन करून डॉक्टरनंच ठरवायचं. हे सगळं पिंजऱ्यावरच्या कागदावर एका ओळीत लिहिलेलं होतं. चुकवू नकोस आणि वाढवूही नकोस. मी दोन्ही केलं.

"आता बाहेर कसं काढायचं?" मी विचारलं.

तिनं हातमोजे काढले. म्हणाली, "पाण्यात विरघळणारं असतं तर लघवीवाटे गेलं असतं. हे तेलात विरघळतं, काकू. यकृतात साठून राहतं."

हे वाक्य माझं होतं. नव्यानं आलेल्या आशा ताईंना मी दर वर्षी हे वाक्य फळ्यावर लिहून द्यायचे. अति तेथे माती, असंही वर म्हणायचे आणि त्या हसायच्या.

तिनं सलाइनचं पाणी टोचलं, मलम दिलं, गरम जागी ठेवा म्हणाली. पाहुणा चार दिवस राहिला. चारही दिवस हे एका कुशीवर वळून त्याच्याकडे बघत होते. भिंतीकडे त्यांनी पाठ केली होती. पाचव्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा तो कुंडीतल्या मातीवर पडलेला होता. मावशींनी त्याला माझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि मागच्या शेवग्याखाली पुरलं. माझ्याच्यानं खड्डा खणवेना.

लेकीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "थंडी बाधली गं. या वर्षी फार गारठा होता." ती रडली. म्हणाली, "तू खूप केलंस त्याचं, आई." फोन मी यांच्या पलंगाशीच घेतला होता. सवयीनं. हे पलंगावर होते आणि त्यांचे डोळे उघडे होते. मला वाटलं आता मिटतील. मिटले नाहीत. मी फोन ठेवेपर्यंत ते माझ्याकडे बघत राहिले.

पिंजरा मी माळ्यावर टाकला. पलंगासमोरची जागा पुन्हा मोकळी झाली. हे पुन्हा भिंतीकडे वळले, डावा हात अंगाखाली घेऊन. त्या हाताला सवय राहिलेली नाही, बोटं परत आखडायला लागली आहेत. एवढं अपेक्षितच होतं. यापुढचं मात्र नव्हतं.

सकाळच्या रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या दोन वर्षं मीच देत होते. त्या दिवसानंतर मी गोळी ओठांशी नेली की ते तोंड मिटून घेतात. दात आवळून नाही, रागानंही नाही. नुसते ओठ मिटतात आणि माझ्याकडे बघतात. मी समजावलं, रडले, पाया पडले. एकदा लेकीची शपथ घातली. काही उपयोग नाही. मावशींच्या हातून घेतात. मावशींनी "गुरुजी, आ करा" म्हटलं की लहान मुलासारखा आ करतात. म्हणून आता मी स्वयंपाकघरात गोळ्या वाटीत काढते, पाण्याचा पेला भरते आणि मावशींच्या हातात देते. त्या आत गेल्या की मी दाराआड उभी राहून पेला रिकामा झाल्याचा आवाज ऐकते.

रविवारी मावशी येत नाहीत. नातवंडाला सोडून रोज रोज त्यांना तरी कसं जमणार. त्या दिवशी वाटी मीच घेऊन जाते. पलंगाच्या कडेला, त्याच उजेडात बसते. एका दिवसाची गोळी चुकली तर काय होऊ शकतं हे मला चांगलं माहीत आहे. दोन्ही गाल दोन बोटांनी हलकेच दाबले की कुणाचंही तोंड उघडतं, हेही मला माहीत आहे. माझा हात दर रविवारी उचलला जातो. मी तो परत मांडीवर ठेवते. सोमवारी मावशी येतात तेव्हा रविवारच्या गोळ्या वाटीत तशाच असतात.